गवताचा माळ, झाडांची घळ

तमिळनाडूतील मुकुर्ती राष्ट्रीय उद्यानात नवखा माणूस बहुधा भलत्याच गोष्टीची हळहळ करतो. निलगिरी पठाराच्या पश्चिम कडेला, दोन हजार मीटरच्याही वर, नजर पोचेल तिथवर गवताचे उतार. झाडे मात्र फक्त घळींत आणि ओढ्यांकाठी दाटलेली. जंगल कुणीतरी तोडले असणार, असेच वाटते. इंग्रजांनाही हे माळ पडीक वाटले. त्यावर त्यांनी ऑस्ट्रेलियातून आणलेली वॅटल आणि युकॅलिप्टस लावली. स्वातंत्र्यानंतर वनखात्याने तीच री ओढली. वॅटलच्या सालीला कातडी कमावण्याच्या धंद्यात मागणीही होती.

घळीतल्या या जंगलाला शोला म्हणतात. जांभूळ, दालचिनी, चाफा यांचे डोंगरी भाऊबंद इथे खुज्या अंगाने, फांदीला फांदी भिडवून उभे असतात. पाने लहान नि जाड, पालवी तांबूस, खोडे शेवाळाने आणि ऑर्किडांनी मढलेली. पण शोलाची कड ओलांडली की दोन पावलांवर गवत. झाडे पुढे का सरकत नाहीत?

याचे एक मोठे कारण हिवाळ्यातल्या रात्री. आभाळ निरभ्र असले की उघडा माळ दिवसाची ऊब भराभर गमावतो आणि पहाटे पात्यांवर दंव गोठते. शोलातली बहुतेक झाडे उष्ण प्रदेशातल्या कुळांची. त्यांची कोवळी रोपे या गारठ्यात करपतात. गवताचे कोंब जमिनीलगत, जुन्या पात्यांच्या झुबक्यात सुरक्षित राहतात. वणव्यातूनही ते असेच वाचतात. माळावर एकटेदुकटे दिसते ते लाल फुलांचे ऱ्होडोडेंड्रॉन. त्याची साल जाड, आणि सख्खे नातेवाईक थेट हिमालयात!

तरीही ‘जंगल तोडूनच माळ झाला’ ही शंका उरतेच. तिला उत्तर मिळाले चिखलातून. निलगिरीतल्या दलदलींत हजारो वर्षांचे वनस्पतींचे अवशेष न कुजता थरावर थर साठले आहेत. झाडे आणि उष्ण प्रदेशातली बरीचशी गवते हवेतला कार्बन वेगवेगळ्या रीतीने बांधतात, त्यामुळे त्यांच्या अवशेषांतले कार्बन-१३चे प्रमाण वेगळे असते. रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली ‘नेचर’मध्ये हा हिशेब मांडला. हिमयुगाच्या ऐन कोरड्या काळात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, इथे गवताचेच राज्य होते. पुढे पाऊस वाढला-घटला तसतशी झाडे-गवताची हद्द सरकत राहिली. शेतीच्या नांगराआधीचा हा माळ आहे.

निलगिरी ताहर हा रानबोकड याच गवतावर चरतो. तोडा लोक आपली देवळे शाकारायला इथल्या पाणथळीतले गवत वापरतात. पश्चिम घाटाच्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत मुकुर्ती आहे आणि आपले कासही. कासच्या सड्यावर कुणी झाडे लावायला निघाले, तर आपण त्याला आडवेच जाऊ. मुकुर्तीत आडवे जाणारे कुणी नव्हते.

आता वॅटल काढायची तर तेही सोपे नाही. तिचे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि आग लागली की एकदम उगवते. तोडलेल्या जागी पुन्हा पुन्हा जाऊन रोपे उपटावी लागतात. त्यात आणखी एक पेच आहे. जुन्या वॅटलच्या सावलीत दंव पडत नाही, म्हणून शोलाची रोपे तिथे तग धरतात. तेव्हा शोलालगतची वॅटल जरा दमाने, विरळ करत काढावी. माळावरची मात्र मुळासकट.