एक टक्का कुठे जातो?
अंगावर काम घेणाऱ्या बांधकाम कारागिरांचा हिशेब आणि आयकर

घाटकोपरच्या पूर्वेला माता रमाबाई आंबेडकर नगर, कामराज नगर, पंतनगर. पश्चिमेला असल्फा, भटवाडी, चिराग नगर. या वस्त्यांतून सकाळी बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातातील पिशवी पाहिली की त्याचा धंदा कळतो. थापी आणि ओळंबा दिसला तर गवंडी, कटर मशीन दिसले तर लादीवाला, पट्टी-ब्रश दिसले तर रंगारी. यांतले पगारदार फार थोडे. कोणी नाक्यावर उभे राहतो, कोणी मुकादमाच्या हाताखाली रोजावर जातो, आणि ज्याचा हात बसला आहे तो स्क्वेअर फुटाच्या भावाने काम अंगावर घेतो, सोबत दोन हेल्पर ठेवतो. हा तिसरा माणूस आमच्या या लेखाचा विषय आहे. तो स्वतः ओझे वाहतो म्हणून कामगार आहे आणि बिल लावतो म्हणून धंदेवाईकही आहे. पण आपण धंदा करतो हे त्याला कोणी सांगितलेले नसते, आणि त्यातच त्याचे नुकसान होते.

नुकसान कसे, ते पाहा. पंतनगर आणि रमाबाई नगरातील काही मिस्त्री मंडळींशी आम्ही बोललो तेव्हा एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर आले : "कंपनीतला साहेब बिलामागे एक टक्का खातो." एका लादीवाल्या मामांनी तर तो एक टक्का आपल्या डायरीत "साहेब" याच नावाने खर्ची टाकला होता! आम्ही त्यांना म्हटले, "मामा, हा साहेबाच्या खिशात जात नाही, तुमच्याच नावावर सरकारात जमा होतो." त्यांना ते पटेना. शेवटी त्यांच्या मुलीने मोबाईलवर आयकर खात्याच्या साईटवर त्यांच्या पॅन नंबरची नोंद उघडून दाखवली, तेव्हा मामा गप्प झाले.

हा एक टक्का म्हणजे टीडीएस, मुळात कापलेला कर. ठेकेदाराच्या बिलातून कर कापण्याची पद्धत १९७२ पासून आहे. ज्या दुष्काळाने मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबांना मुंबईच्या कामावर आणून सोडले, त्याच साली ही कपात सुरू झाली. आज नियम असा आहे : एका वेळचे बिल ३०,००० रुपयांच्या वर गेले किंवा वर्षभरातील सगळी बिले मिळून एक लाखाच्या वर गेली, की कंपनीने कारागिराच्या बिलातून एक टक्का कापून सरकारात भरायचा. पॅन नंबर दिला नाही, तर एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापले जातात. आधारशी न जोडलेले पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय झाले. अशा पॅनवरही जादा कपात होते आणि परतावा अडकतो. आपल्याकडे आधारवर एक नाव आणि पॅनवर दुसरे, हा प्रकार घरोघरी आहे. कुठे आडनावाचे स्पेलिंग वेगळे, कुठे वडिलांचे नावच गायब. ते आधी दुरुस्त करून घ्यावे; त्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही.

आता पैशांत बघू. समजा एका लादीवाल्याने वर्षभरात कंपन्यांना ९,६०,००० रुपयांची बिले लावली आणि सगळे पैसे बँकेत आले. कापले गेले ९,६०० रुपये. हेल्परची मजुरी, मशीनचे ब्लेड, टेम्पोभाडे, गाडीचे पेट्रोल जाऊन त्याच्या घरात राहिले ३,६०,००० म्हणजे महिना तीस हजार. नव्या कररचनेत २०२५-२६ या वर्षापासून चार लाखांपर्यंत कर नाही, आणि सवलत धरून बारा लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावरही भरायचा कर शून्य होतो. म्हणजे या माणसाला सरकारचे एक पैशाचे देणे नाही, उलट सरकारकडूनच त्याचे ९,६०० रुपये येणे आहेत. पण रिटर्न भरल्याशिवाय ते परत मिळत नाहीत. तीन वर्षे रिटर्न भरले नाही तर २८,८०० गेले. मुलीच्या कॉलेजची फी किंवा नवे कटर मशीन त्यात येते. मुदत उलटून गेलेल्या वर्षांसाठी विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्याला सबळ कारण द्यावे लागते आणि वेळ जातो. "अपडेटेड रिटर्न" नावाचा जो प्रकार आहे तो परतावा मागण्यासाठी चालत नाही. काही एजंट तसे सांगून पैसे घेतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

"पण आम्ही वह्या कुठे ठेवतो? बिलबुके, पावत्या, ऑडिट हे आमच्याने होणार आहे का?" असे विचारणारे बरेच भेटतात. या प्रश्नाचे उत्तर १९९४ सालीच मिळाले आहे. त्या वर्षी मनमोहन सिंग अर्थमंत्री असताना आयकर कायद्यात ४४ एडी हे कलम आले. ते आलेच मुळी बांधकाम करणाऱ्या आणि बांधकामाला मजूर पुरवणाऱ्या लहान ठेकेदारांसाठी. वर्षाची बिले ४० लाखांपर्यंत असतील तर त्यातील आठ टक्के नफा धरायचा, सविस्तर वह्यांची सक्ती नाही. पुढे हीच सोय बहुतेक सगळ्या लहान धंद्यांना मिळाली. आता मर्यादा दोन कोटींची आहे, आणि रोखीने आलेली रक्कम पाच टक्क्यांच्या आत असेल तर तीन कोटींची. बँकेतून आलेल्या पैशावर आठऐवजी सहा टक्के धरतात. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आहे. त्यात कलमांचे आकडे बदलले, पण ही सोय कायम आहे. तेव्हा जी गोष्ट गवंड्या-मिस्त्रींच्या धंद्यासाठी निघाली, ती नाक्यानाक्यावरच्या दुकानदारांना माहीत आहे आणि आमच्या मिस्त्रींनाच माहीत नाही, हे आश्चर्य म्हणावे लागेल.

इथे एक खबरदारी. आठ किंवा सहा टक्के ही कमीत कमी रक्कम आहे. खरा नफा त्याहून जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा असतो. वरच्या लादीवाल्याच्या बिलांचे सहा टक्के केले तर ५७,६०० होतात. तेवढेच लिहून द्या, असा सल्ला देणारे भरपूर आहेत. पण वर्षाला ५७,६०० रुपयांत मुंबईत कोणाचे घर चालते? बँकेत कर्ज मागायला गेल्यावर तोच कागद तोंडावर येतो. दोन-तीन वर्षांची रिटर्न पाहिल्याशिवाय बँक धंदेवाल्याला उभे करत नाही. आणि कर तर दोन्हीकडे शून्यच. मग खरे ३,६०,००० लिहायला काय हरकत आहे?

खरे उत्पन्न लिहिण्याचे महत्त्व एका वेगळ्याच ठिकाणी कळते, आणि ते कळण्याची वेळ कोणावर येऊ नये. रमाबाई नगराच्या अंगालाच ईस्टर्न एक्सप्रेस हायवे आहे. आपली माणसे भल्या पहाटे आणि रात्री उशिरा दुचाकीवरून साईटवर जातात-येतात. अपघातात माणूस गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे पहिला प्रश्न येतो : मयताचे उत्पन्न किती होते? कागद नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने, बहुधा किमान वेतनाच्या आसपास, आकडा धरते. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सरला वर्मा आणि ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी प्रणय सेठी या निकालांत हिशेबाची रीत घालून दिली आहे. समजा ३८ वर्षांचा मिस्त्री गेला. मागे पत्नी, दोन मुले आणि आई. महिना तीस हजार सिद्ध झाले तर वर्षाचे ३,६०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्याचे चाळीस टक्के वाढवून ५,०४,०००. त्याचा स्वतःचा खर्च म्हणून एक चतुर्थांश वजा करून ३,७८,०००. या वयासाठी गुणक १५, म्हणजे ५६,७०,००० रुपये. तोच माणूस, तीच विधवा, तीच मुले. पण कागद नाही म्हणून उत्पन्न पंधरा हजार धरले, तर होतात २८,३५,०००. निम्मे! जी रिटर्न भरायला काही शे रुपये लागले असते, तिच्याअभावी साडेअठ्ठावीस लाखांच्या जवळपास रक्कम हातची जाते. मृत्यूनंतर भरलेल्या रिटर्नकडे न्यायाधिकरण संशयाने पाहते, हेही लक्षात ठेवावे.

आता घराघरात ज्यावरून वाद होतो तो मुद्दा. "रिटर्न भरले तर बाईचे पंधराशे बंद होतील." २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत दोन अटी आहेत : कुटुंबाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे, आणि कुटुंबात कोणी आयकरदाता नको. रिटर्न भरणे आणि कर भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य कराचे रिटर्न भरणाऱ्याने कर भरलेला नसतो. अटल पेन्शन योजनेत १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकरदात्याला प्रवेश नाही, पण तिथेही आयकरदाता म्हणजे कर देणे लागणारा माणूस, अशीच व्याख्या आहे. मात्र अडीच लाखांची अट वेगळी आहे आणि ती रिटर्न न भरल्याने टळत नाही. उत्पन्न खरोखर त्याच्या वर असेल तर ते वरच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीलाही अडीच लाखांचीच मर्यादा आहे; त्याच्या वर गेल्यास फ्रीशिप मिळते, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते. मुलाचे शिक्षण काही थांबत नाही. आमचे स्पष्ट मत असे की तहसीलदारांच्या दाखल्यावर एक लाख आणि बँकेसाठी काढलेल्या रिटर्नवर पाच लाख, असे दोन आकडे एकाच घरात असू नयेत. सगळे कागद आता आधारला बांधलेले आहेत. आज ना उद्या ते एकमेकांसमोर येतात, आणि मग शिष्यवृत्तीचे घेतलेले पैसे परत मागितले जातात. पंधराशे एका बाजूला आणि कर्ज, परतावा, विमा-दावा दुसऱ्या बाजूला ठेवून नवरा-बायकोने एकदा बसून हिशेब करावा. कोणाच्या घरी काय निघेल ते आम्ही कसे सांगणार?

कल्याणकारी मंडळाचा विषय याला लागूनच येतो. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या, वर्षात ९० दिवस काम केलेल्या कामगाराची नोंदणी होते. त्यासाठीचा १९९६ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहितांत सामावला गेला आहे, पण ९० दिवसांची अट तीच आहे. कामावर मृत्यू झाल्यास वारसाला पाच लाख, नैसर्गिक मृत्यू झाल्यास दोन लाख, मुलांना शिष्यवृत्ती, असे लाभ आहेत. अडचण येते ती ९० दिवसांच्या दाखल्याची. दहा जागी नऊ-नऊ दिवस काम केलेल्याला सही कोण देणार? तारीख, साईट, ठेकेदाराचे नाव आणि फोन असलेली वही दाखवली तर सही मागताना तोंड उघडता येते. आणि आमच्या भगिनींसाठी : मुकादम पुष्कळदा "जोडी"ची हजेरी लावतो, नवरा-बायकोचे मिळून एक नाव आणि पैसे नवऱ्याच्या हातात. त्या बाईचे ९० दिवस कुठेच दिसत नाहीत. तिची हजेरी वेगळी लिहावी, पैसे तिच्या खात्यावर घ्यावेत.

ही वही फार मोठी नको. डाव्या पानावर आलेले : तारीख, कोणाकडून, बँकेत की रोख, बिल किती, कापले किती. उजव्या पानावर गेलेले : हेल्परची मजुरी, उचल, सामान, भाडे. आठवड्याची खर्ची आणि अंतिम हिशेब वेगळे लिहावेत, कारण भांडण नेहमी तिथेच होते. बिल्डरने काम संपेपर्यंत राखून ठेवलेल्या पैशाला स्वतंत्र पान द्यावे. ते विसरले जातात आणि बिल्डर आठवण करून देत नाही. घरखर्चाचा पैसा या वहीत आणूच नये. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग सांगितले आहेत, त्यातले दोन धंद्यासाठी आणि एक अडीअडचणीसाठी. आपल्याकडे धंद्याचा पैसा शनिवारी घरात येतो आणि सोमवारी हेल्परला द्यायला उरत नाही. पुष्कळ घरांत ही वही दहावी-बारावीची मुलगी लिहिते. बापापेक्षा तिचा हिशेब पक्का असतो, हे आम्ही स्वतः पाहिले आहे.

बिलांची बेरीज वर्षात वीस लाखांवर जाऊ लागली, तर जीएसटीची नोंदणी लागते. तिथे नफा नव्हे, बिलाची पूर्ण रक्कम मोजतात. हेल्परला दिलेले पैसेही त्यात येतात. बारा-पंधरा लाखांवर पोचलेल्याने आधीच जाणकाराला विचारावे.

आता जाणकार कोण? स्टेशनजवळ बोर्ड लावलेले पुष्कळ आहेत. परताव्याच्या टक्केवारीवर काम करणाऱ्याकडे जाऊ नये; फी ठरवून द्यावी. रिटर्नवर मोबाईल नंबर आणि बँक खाते आपलेच टाकायचे, एजंटाचे नव्हे. पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा, ओटीपी कोणाला सांगायचा नाही. खोटी वजावट दाखवून मोठा परतावा काढून देणारा उद्या नोटीस आली की सापडत नाही, सही मात्र आपली असते. पॅन "वापरायला" मागणाऱ्या ठेकेदाराला सरळ नाही म्हणावे. तो आपली बिले तुमच्या नावावर फोडतो आणि उत्पन्न तुमच्या डोक्यावर चढते. वर्षातून एकदा पॅनवरची टीडीएसची नोंद, ज्याला २६ एएस म्हणत आले आहेत, ती उघडून पाहावी. न केलेल्या कामाचे पैसे तिथे दिसले तर त्याच दिवशी चौकशी करावी.

वस्तीत बी.कॉम. झालेली मुले-मुली आता कमी नाहीत. सरकारी साईटवर रिटर्न भरायला पैसे पडत नाहीत, आणि लहान धंद्याचा "सुगम" फॉर्म एका बैठकीत होतो. जून-जुलैमध्ये रविवारी दोन तास विहारात टेबल टाकून बसायची कोणाची तयारी असेल, तर मिस्त्री मंडळींनी येताना एवढेच आणावे : आधार, पॅन, बँकेचे वर्षाचे स्टेटमेंट, आधारला जोडलेला मोबाईल, आणि ती वही.