पुरातून निघालेली गाडी कशी ओळखाल?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर पोहोचली. तिथली धोका पातळी ४५ फूट. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अशा पाण्यात उभी राहिलेली गाडी धुऊन-पुसून बाजारात येऊ शकते, म्हणून या भागात जुनी गाडी घेताना पहिली तपासणी पाण्याचीच करावी.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतला पट्टा सहसा कुणी धूत नाही, गाळाची रेघ तिथे टिकते. मॅटिंग उचलून खालचा पत्रा बघा, सीटच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, फ्यूज बॉक्समधले हिरवट डाग बघा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी घेऊच नका. वायरिंगमधला बिघाड मात्र महिन्यांनीही उपटतो. त्यासाठी आपल्या ओळखीच्या मेकॅनिककडून स्कॅनर लावून घ्या, विकणाऱ्याच्या नव्हे.

इंजिन थंड असताना स्वतः सुरू करा. सातारकरांनी यवतेश्वरचा घाट चढून पाहावा: क्लच घसरतो का, तापमानाचा काटा चढतो का, ते कळतं.

एमएच-१० सांगली, एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड. पासिंग कुठलंही असो, चासी नंबर आरसी बुकाशी जुळवा. कर्जाचा बोजा उतरला नसेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.