पहिला ट्रॅक कुणाचा?

कुडाळजवळच्या एका गावात, मंगलोरी कौलांच्या पडवीत, आम्ही ते यंत्र एका भजनी बुवांसमोर मांडलं. पाटाएवढं, राखाडी रंगाचं. एका अंगाला कॅसेटचं झाकण, दुसऱ्या अंगाला वरखाली सरकणारे चार फेडर. बुवांनी एक फेडर बोटाने हळूच वर सरकवला, खाली आणला आणि विचारलं, "ह्यां काय आसा?" माझा मित्र म्हणाला, "बुवा, हा स्टुडिओ आहे." बुवांनी पडवीभर नजर फिरवली. "मगे आमी खंय बसाचां?"

आम्ही हसलो, पण बुवांचा प्रश्न चुकीचा नव्हता. स्टुडिओ म्हणजे जिथे आपण जाऊन बसायचं ती जागा. मुंबई-पुण्याला जायचं, तासाच्या दराने पैसे मोजायचे, काचेपलीकडच्या माणसाने बोट वर केलं की गायचं. गाणं कितीही तुमचं असो, घड्याळ त्यांचं. मित्राचं हेच दुखणं होतं. कॉलेजातला बँड फुटल्यावर तो एकटाच गाणी करत होता, स्वतःच्या पैशाने कॅसेट काढायची म्हणत होता, आणि स्टुडिओत दोन तास गेले की त्याचं लक्ष सुरांवरून खिशावर जायचं. शेवटी त्याने मुंबईहून हे जुनं फोर-ट्रॅक यंत्र आणलं. वाजवणारा तो, झाकण उघडणारा नि केबल गुंडाळणारा मी.

या जातीचं पहिलं यंत्र जपानच्या टीयॅक कंपनीने १९७९ साली बाजारात आणलं. नाव 'पोर्टास्टुडिओ', मॉडेल १४४. एकावर एक आवाज चढवत जाण्याची कला त्याआधीची. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने ती ध्यासाने वाढवली आणि १९५७ साली ॲम्पेक्स कंपनीने त्याला आठ ट्रॅकचं पहिलं यंत्र दिलं. किंमत दहा हजार डॉलर, उंची माणसाएवढी. बीटल्सची 'सार्जंट पेपर्स' ही १९६७ची तबकडी लंडनमध्ये चार ट्रॅकच्याच यंत्रांवर घडली. त्यांची फीत मात्र एक इंच रुंद होती. टीयॅकने तेच चार ट्रॅक कॅसेटच्या फितीवर बसवले, आणि ती फीत चार मिलिमीटरही रुंद नाही.

ही करामत कशी केली, तेही पाहण्यासारखं आहे. साध्या कॅसेटवरही मुळात चार पट्टेच असतात. दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. म्हणून तर आपण कॅसेट उलटतो. पोर्टास्टुडिओ चारही पट्टे एकाच दिशेने वापरतो. आवाज खुलावा म्हणून फीतही दुप्पट वेगाने, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटर, पळवतो. त्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटवर पंधराच मिनिटं मावतात. अशी कॅसेट घरच्या साध्या टेपवर लावली तर एका बाजूला दोन ट्रॅक रेड्यासारखे संथ हंबरतात आणि उलटून लावली की उरलेले दोन शेवटाकडून सुरुवातीकडे ऐकू येतात. बुवांच्या नातवंडांना यंत्राचा हा एकच गुण पसंत पडला होता.

यंत्राची खरी गंमत पुढे आहे. पहिल्या ट्रॅकवर गिटार घ्यायची. ती हेडफोनमध्ये ऐकत दुसऱ्यावर आवाज, तिसऱ्यावर टाळ. आता एकच ट्रॅक उरला. मग पहिले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुन्हा मोकळे करायचे. याला म्हणतात 'बाउन्स'. उतरवता उतरवता सोबत एखादं वाद्य वाजवलं तर तेही त्यात जातं. पुढच्या खेपेला दोन ट्रॅक एकावर, मग एक ट्रॅक दुसऱ्यावर, असं करत चार ट्रॅकच्या यंत्रात दहा थर बसवता येतात. मात्र प्रत्येक बाउन्सला फितीची सरसर वाढते, आणि एकत्र झालेलं पुन्हा सुटं होत नाही. टाळ जरा मोठा झाला? आता तो मोठाच राहणार. भाजीत मीठ पडावं तसं. संगणकावर काम करणाऱ्या आजच्या पोरांना ही भीती सांगून कळत नाही. आमच्या हाताला ती चांगली ठाऊक होती. बाउन्सचं बटण दाबण्यापूर्वी मित्र पँटला तळवे पुसायचा.

हे यंत्र एकट्या माणसाच्या हाती काय देऊ शकतं, याचे दोन दाखले सांगण्याजोगे आहेत. पहिला अमेरिकेतला. ब्रूस स्प्रिंगस्टीन तेव्हा नामांकित झालेला होता, पाठीशी तगडा बँड होता. जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात त्याने याच १४४ मॉडेलवर काही गाणी नुसती कच्ची म्हणून ध्वनिमुद्रित केली. कॅसेट कव्हराविनाच खिशात घालून फिरला. पुढे स्टुडिओत बँडसोबत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण खिशातल्या कॅसेटमधला एकटेपणा काही केल्या तिथे येईना. शेवटी ती कॅसेटच 'नेब्रास्का' या नावाने त्याच वर्षी बाजारात आली.

दुसरा दाखला आमच्या शेजारचा, तेरेखोल ओलांडली की लागणारा. गोव्याचे रेमो फर्नांडिस. शिकले वास्तुशास्त्र, मन गाण्यात. युरोप आणि उत्तर आफ्रिका भटकून ते गोव्यात परतले आणि शिवोलीच्या घरात चार ट्रॅकच्या पोर्टास्टुडिओवर त्यांनी 'गोअन क्रेझी' ही कॅसेट केली. साल १९८४. सगळी वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतःचे, मिक्सिंग स्वतः, मुखपृष्ठही स्वतःच काढलेलं. 'गोआना' नावाची स्वतःची कंपनी काढली आणि पिवळ्या स्कूटरवरून गोवाभर दुकानोदुकानी कॅसेटी पोचवल्या. पुढच्याच वर्षी 'ओल्ड गोअन गोल्ड'. २००७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या मित्राच्या डोळ्यांसमोर मात्र कायम ती स्कूटरच असायची. 'बघ, एका माणसाला जमलं,' हे वाक्य त्याने मला किती वेळा ऐकवलं असेल!

पण 'एका माणसाला जमलं' ही या यंत्राची अर्धीच कथा. एकटा माणूस त्याच्यावर अख्खा बँड होतो, हे खरंच. पण ते उचलून दुसऱ्याच्या दारातही नेता येतं.

आपल्याकडे गाणं लिहिणारी माणसं स्टुडिओच्या आसपास कधी फारशी नव्हतीच. शाहीर, भजनी बुवा, जलशातले कवी, लग्नात ओव्या जुळवणाऱ्या बाया. वामनदादा कर्डकांना अक्षरओळख झाली ती मोठेपणी. तरी त्यांनी हजारो गाणी लिहिली आणि ती वस्त्यावस्त्यांत पोचली. यातली बरीचशी गाणी कुठल्याही काचेआड गेली नाहीत. आमच्या सिंधुदुर्गात डबलबारीचा बुवा तर समोरच्या बुवाला उत्तर म्हणून नवा गजर जुळवून आणतो, पेटीवर चाल बसवतो आणि पहाटेपर्यंत मांडव धरून ठेवतो. तो स्वतःला गीतकार म्हणवत नाही. मित्राला अशाच माणसाबरोबर नवी गाणी करायची होती: शब्द आणि चाल बुवांची, गिटार आणि बाकीचा साज त्याचा. म्हणून आम्ही त्या पडवीत होतो.

आणि पहिल्याच दिवशी चुकलो. चूक साधीच, पुस्तकातली. ध्वनिमुद्रणात ताल आधी पक्का करायचा, त्यावर बाकी सगळं चढवायचं, हा शिरस्ता. मित्राने घरूनच पहिल्या ट्रॅकवर तालयंत्राचे ठोके भरून आणले होते. बुवांना हेडफोन घातला. त्यांनी डोळे मिटून सुरुवात केली. पहिलं कडवं ठीक. दुसऱ्या कडव्याला त्यांचा डावा हात मांडीवर पुढे पुढे सरकायला लागला आणि ठोके मागे राहिले. त्यांनी हेडफोन काढून पाहिला, पुन्हा घातला. तिसऱ्या खेपेला सरळ गाणंच थांबवलं. "ह्यो माणूस चलना नाय," ते यंत्राकडे बोट दाखवून म्हणाले.

बुवांचं बरोबर होतं. गजर एका लयीत राहतच नाही. तो ठायीत सुरू होतो, कोरसने उचलला की चढतो, पखवाजाची थाप दाट होते, झांजा उभ्या राहतात, आणि शेवटाला सगळा मांडव एका श्वासात येतो. ही वाढ म्हणजेच गजर. आमच्या ठोक्यांनी तिचेच पाय बांधले होते, आणि ठोके पहिल्या ट्रॅकवर होते म्हणून पुढच्या सगळ्यांनी त्यांच्यामागून चालायचं होतं. यंत्राला उच्च-नीच कळत नाही, चारही ट्रॅक सारखेच. पण कामाच्या क्रमाला कळतं. पहिल्या ट्रॅकवर जो बसतो तो यजमान, बाकीचे पाहुणे.

दुसऱ्या दिवशी मित्राने ठोके पुसून टाकले. माइक एकच ठेवला, तुळशीवृंदावनाकडे तोंड करून, कारण पावसाचा आवाज मागच्या अंगाने जास्त येत होता. बुवा, त्यांची पेटी, पखवाज आणि कोरसला चार माणसं, सगळे एका फेरात बसले. सगळं एकाच ट्रॅकवर. आतल्या खोलीतला पंखा बंद, फ्रिजची पिन काढलेली, कोंबड्या झापाखाली. पाच मिनिटं सतरा सेकंद. पखवाज जरा जवळ आला, कोरसमधला एक जण खोकला. मित्राने ते तसंच राहू दिलं. मग तो तीन दिवस हेडफोन लावून त्या चढत्या लयीवर गिटार बसवत राहिला: कुठे बुवा श्वास घेतात, कुठे पखवाजवाला अर्धी मात्रा आधी येतो. आता मागे धावायची पाळी त्याची होती. तिसऱ्या दिवशी पडवीच्या पायरीवर बसून तो म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या गाण्यात राहतोय."

आता फोनमध्ये अगणित ट्रॅक मिळतात, बाउन्सची भीती नाही, चुकलं तर मागे जाता येतं. मुंबईच्या 'स्वदेसी' या हिप-हॉप गटाने आरेच्या केलटीपाड्यात राहणारे आदिवासी कलाकार-कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं ते २०१९ साली. असं एकत्र काम आज तांत्रिकदृष्ट्या कितीतरी सोपं आहे. म्हणूनच त्यात एक आळसही शिरतो. जंगलातून, वाडीतून, वस्तीतून एखादा आवाज मोबाइलवर उचलायचा, घरी आणून तयार ठोक्यांवर ताणून किंवा दाबून बसवायचा आणि खाली 'पारंपरिक' असं लिहून मोकळं व्हायचं. चार ट्रॅकच्या काळात तसं करायलाही कष्ट पडायचे. आता ते एका बोटाने होतं.

'पारंपरिक' या शब्दाने कितीजणांचं लिहिलेलं गिळलं असेल! २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. तो सही करून कंपनीला देऊन टाकता येत नाही. पण वाटा मिळायला आधी नाव लागतं. आपल्या जुन्या कवींनी यावर फार पूर्वी तोडगा काढला होता. नाव कव्हरवर ठेवलंच नाही, गाण्याच्या पोटात ठेवलं. शेवटच्या कडव्यात तुका येतो, जनी येते, एका जनार्दनी येतो; वामनदादांच्या गाण्यातही वामन येतोच. कव्हर फाटतं, कॅसेटवरचं लेबल निघून जातं, पण गाणाऱ्याला नाव घेतल्याशिवाय गाणं संपवता येत नाही.

हे आम्हांला कळलं तेही चुकूनच. शेवटचं मिक्सिंग करताना पाच मिनिटं सतरा सेकंद फार होतात असं मित्राला वाटलं. चार मिनिटांच्या आसपास, लय ऐन भरात असताना त्याने फेडर अलगद खाली आणला. इंग्रजी गाणी तशीच विरतात. ऐकायला झकास वाटलं. ती कॅसेट घेऊन आम्ही पुन्हा पडवीत गेलो. बुवांनी मन लावून ऐकली, गिटारला मान डोलावली, आवाज विरला तसे पुढे झुकले. मग थोडा वेळ गप्प बसले.

"बरां झाला," ते म्हणाले. "पण गाणां माझां, ह्यां कळतला कसां?"

शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव होतं, त्यांच्या गुरूंचं होतं, गावाचंही होतं. मूळ फीत शाबूत होती. त्या रात्री लोडशेडिंग संपायची वाट पाहत आम्ही पडवीतच बसून राहिलो आणि दिवे आल्यावर मिक्सिंग पुन्हा केलं. चार मिनिटं झाली तसा मित्राने चारही फेडरवरचा हात उचलला आणि गाणं संपेपर्यंत मांडीवर ठेवला.