पाणमांजराचा जमाखर्च

पावसाळा ओसरून पात्रातले खडक उघडे पडू लागतात त्या दिवसांत, दोडामार्ग तालुक्यातल्या तिलारी नदीच्या काठाने पहाटे चालत गेले असता, पाण्यालगतच्या एखाद्या सपाट कातळावर काळपट, ओलसर व माशाच्या उग्र दर्पाची विष्ठा पडलेली आढळते. काडीने उकरून पाहावे तो तीत खवल्यांचे तुकडे अभ्रकासारखे चमकतात आणि तांदळाच्या कणीएवढे मणके एकेक करून सुटे होतात. पाणमांजराने ती तेथे सहज टाकलेली नसते. आपल्या टोळीचा वावर इतरांस कळावा म्हणून त्याच कातळावर, त्याच जागी ते पुनःपुन्हा येते. नदीवर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीला ही खूण पडली की त्याच्या मनात एकच फिर्याद उभी राहते, ती ही की आमच्या वाट्याचा मासा या जनावराने खाल्ला. फिर्याद जुनी आहे, पुष्कळ देशांत ऐकू येणारी आहे, आणि तिचा निवाडा करावयाचा तर विष्ठेचे हेच दप्तर उलगडणे भाग आहे.

संस्कृतात या प्राण्यास उद्र म्हणत. उदक शब्दाशी त्याचे नाते उघड आहे. भारतात त्याच्या तीन जाती असून, कोकणातल्या नद्यांत व खाड्यांत दिसते ते बहुधा मऊ, गुळगुळीत कातडीचे पाणमांजर, सात ते अकरा किलो वजनाचे, कुटुंबाने राहणारे व कुटुंबानेच शिकार करणारे. थंड पाण्यात जन्म काढूनही देवमाशासारखा चरबीचा जाड थर निसर्गाने त्यास दिलेला नाही. दाट केसांत कोंडलेली हवा आणि पोटातला अखंड पेटता अग्नी, एवढ्यावरच त्याची ऊब टिकते. यास्तव त्याला रोज सुमारे एक किलो अन्न लागते. सहा जणांचे कुटुंब धरले तर वर्षाकाठी दोन टनांहून अधिक मासा झाला, आणि हा आकडा ऐकून मासेमार दचकला तर त्यास दोष देता येणार नाही. परंतु असे एक कुटुंब सात ते बारा चौरस किलोमीटरांच्या टापूत फिरते हे जसे ध्यानात घ्यावयास हवे, तसेच खर्ची पडलेला मासा कोणत्या जातीचा, हेही विचारावयास हवे. आणि माझ्या मते सारा वाद या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन ठेपतो.

त्याचे उत्तर शोधण्यास केरळातील पेरियारइतके बोलके स्थळ क्वचितच सापडेल. 1895 साली पुऱ्या झालेल्या मुल्लपेरियार धरणाने तेथे सुमारे 26 चौरस किलोमीटरांचा जलाशय निर्माण केला. आज व्याघ्र प्रकल्पात मोडणाऱ्या त्या अरण्यातल्या ओढ्यांत असे मासे आहेत की जे पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेही नाहीत. त्यांपैकी ‘ब्राह्मणकेंडा’ या स्थानिक नावाचा मासा तर आपल्या वंशाचा एकटाच प्रतिनिधी असून, शास्त्रास त्याची ओळख 1941 साली झाली. त्याच पाण्यात पुढे दोन परके पाहुणे शिरले. एक तिलापिया, म्हणजे आपल्या उजनीच्या बाजारात ढिगाने विकली जाणारी चिलापी, जी 1952 साली या देशात आणली गेली; आणि दुसरा युरोपकडून आलेला कॉमन कार्प. चिलापीची मादी अंडी तोंडात बाळगून पिले वाढवते, त्यामुळे तिची संतती सहसा कोणाच्या भक्ष्यस्थानी पडत नाही, आणि वर्षातून अनेकदा वीण होत असल्यामुळे स्थिर पाण्याच्या धरणात ती बघता बघता मूळच्या माशांची जागा बळकावते.

अनूप व हुसेन या अभ्यासकांनी पेरियारच्या काठची विष्ठा गोळा करून तिच्यातले खवले व हाडे तपासली, आणि 2005 साली आपले निष्कर्ष लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पाणमांजराच्या आहारात नऊ-दशांशाहून अधिक भाग माशांचा निघाला, म्हणजे ते मासेखाऊ आहे ही फिर्याद शाबीत झाली. परंतु त्या माशांत मोठा वाटा चिलापी व कार्प या परक्यांचाच होता. यात पाणमांजराने काही विवेक केला असे मानण्याचे कारण नाही. जो मासा मुबलक, जो संथ, जो थव्याने काठालगत येतो, तो आधी सापडतो. आणि चिलापीचा नर घरट्यासाठी खळगा उकरतो तो नेमका उथळ पाण्यात, जेथे पाणमांजराची टोळी अर्धवर्तुळ करून मासे काठाकडे रेटीत असते. ज्या पाहुण्याला आवर घालणे माणसाला जमत नाही, त्याच्यावर हा शिकारी रोज थोडा थोडा वचक बसवीत असतो.

एवढ्यावरून त्यास सर्वत्र निर्दोष ठरवणे मात्र अन्यायाचे होईल. अमेरिकेतील मिसूरी राज्यात 1982 ते 1992 या काळात तेथल्या नदीमांजराच्या जातीची 845 जनावरे पुन्हा सोडण्यात आली. ती इतकी वाढली की खाजगी तळ्यांचे मालक व ओढ्यांवरचे गळकरी हैराण झाले, आणि 1996 साली सापळे लावण्यास परवानगी द्यावी लागली. बंदिस्त तळ्यातल्या माशाला पळून जाण्यास वाट नसते आणि त्याची भर नदीसारखी वरून खालून होत नाही. तेथे झालेले नुकसान खरेच नुकसान असते. जाळ्यात अडकलेला मासा ओढताना पाणमांजर जाळेही फाडते, आणि ते जाळे विणताना गेलेल्या रात्री कोणी भरून देत नाही. बिबट्याने गुरू मारले म्हणजे पंचनामा होतो, तद्वत फाटलेल्या जाळ्याचाही व्हावा, असे मला मनापासून वाटते.

तथापि माणूस व पाणमांजर यांचे वैर अटळ आहे, हेही खरे नाही. बांगलादेशात नडाइल भागातले कोळी पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणमांजर पाळतात. रात्री नावेला बांबू जोडून, लांब दोरीने बांधलेली ही जनावरे पाण्यात सोडतात आणि ती झाडाझुडपांच्या मुळांत दडलेला मासा हुसकून ताणलेल्या जाळ्यात घालतात. पकडीतला वाटा त्यांना मिळतो.

आपल्याकडे 2015 साली कर्नाटकाने तुंगभद्रेचा एक पट्टा पाणमांजरासाठी राखीव केला, आणि 2020 साली तिलारीचे अरण्य संवर्धन राखीव ठरले. परंतु अरण्याची हद्द संपते तेथे नदी संपत नाही. बारीक आसाची जाळी, डोहात टाकलेली ब्लीचिंग पावडर, वाळूचा उपसा व सुरुंग हे सारे त्या हद्दीखाली सुखेनैव चालू असते, आणि एका स्फोटात जो डोह मोठ्या माशापासून अंड्यापर्यंत रिकामा होतो, तो भरून निघण्यास किती पावसाळे लागतील, याचा हिशेब कोणी मांडीत नाही. तिलारीच्या काठी जाळे सांधीत बसलेल्या एका वृद्ध मासेमारास मी पाणमांजराविषयी विचारले, तेव्हा त्याने हातातली सुई थांबवली नाही.

“पाणमांजर खाता, ता सगळ्यांका दिसता,” तो म्हणाला. “सुरुंगान मरता ता तळाक बसता. ता कोणाक दिसना नाय.”