पट्टी बांधण्याआधी

सिस्टर पट्टीच्या रोलला लगेच हात लावत नाहीत. आधी मावशींना पलंगावर उताणं झोपवतात आणि दहा मिनिटं तशाच पडू देतात. दंडाचा रक्तदाब मोजून झाला की तोच पट्टा पायाला, घोट्याच्या जरा वर गुंडाळतात. जखमेवर स्वच्छ पारदर्शक फिल्म, तिच्यावरून पट्टा. पावलावर जेलचा थेंब आणि त्यात टेकवलेली, पेनाएवढी, रक्ताचा प्रवाह ऐकवणारी डॉपलरची कांडी. आधी नुसती खरखर ऐकू येते. कांडी केसभर सरकते, थोडी तिरकी होते आणि एकदम धमनीचा आवाज लागतो, जोरकस आणि लयीत. सिस्टर पट्टा फुगवतात, आवाज बंद होतो. हवा हळूहळू सोडत असताना आवाज पुन्हा उमटतो, तो आकडा त्या टिपून घेतात. मग घोट्याच्या आतल्या बाजूच्या धमनीवर पुन्हा तेच. दोन्हींतला मोठा आकडा 140. दंडाचा 136. भागाकार 1.03.

"मावशी, रक्त खाली नीट पोचतंय. आता बांधायला हरकत नाही."

टिटवाळ्यातल्या एका छोट्या दवाखान्यातली ही ड्रेसिंगची खोली. इथे येणारे पाय पाहिले की गावाचा दिवस कसा जातो ते समजतं. कल्याण-कसारा मार्गावरच्या लोकलनं मुंबई गाठणारे, जाताना आणि येताना दाराशी उभे राहणारे नोकरदार. आसपासच्या वीटभट्ट्यांवरचे मजूर. काळू नदीपलीकडच्या गावांतल्या, भातलावणीत दिवसभर चिखलात वाकणाऱ्या बाया. नदीवरचा रुंदे पूल पाण्याखाली गेला की त्यांची ड्रेसिंगची वारी चुकते, आणि ओली पट्टी तशीच पायावर राहते. आजच्या मावशी महागणपतीच्या रस्त्यावर दूर्वा, जास्वंद आणि हार विकतात. संकष्टीला पहाटे दुकान मांडायचं ते चंद्रोदयापर्यंत. अंगारकीला तर पाणी प्यायलाही उसंत नाही. दिवसभर उभं राहायचं, नाहीतर स्टुलावर पाय लोंबकळत सोडून बसायचं.

त्यांच्या डाव्या घोट्यावर आतल्या बाजूला तळहाताएवढी जखम आहे. भोवतालची कातडी काळवंडून लाकडासारखी कडक झाली आहे. पोटरीवर वेड्यावाकड्या फुगलेल्या शिरा. जखम भरते आणि पुन्हा फुटते, असं कितीतरी वर्षं चाललंय. हळद झाली, नाना मलमं झाली, पावडर झाली, अँटिबायोटिकचे कोर्स झाले. दर वेळी लोकांनी जखमेकडे पाहिलं, शिरेकडे पाहिलं नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण डॉपलरचं हे छोटं यंत्र काही हजार रुपयांत मिळतं आणि तपासणीला लागतात जेमतेम वीस मिनिटं.

रक्त पायात उतरणं सोपं, वर चढणं अवघड. उभ्या माणसाच्या घोट्यापाशी शिरेतला दाब 90 मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर ढकललं जातं आणि हा दाब 30 च्या आसपास उतरतो. ढकललेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये जागोजागी झडपा असतात. पादुआच्या फॅब्रिशियसनं त्यांचं सविस्तर वर्णन 1603 मध्ये छापलं. त्या काय करतात हे त्याच्या विद्यार्थ्यानं, विल्यम हार्वेनं, 1628 मध्ये हाताच्या शिरेवर बोट दाबून दाखवलं. या झडपा निकामी झाल्या की चालतानाही दाब उतरत नाही. तो दिवसभर घोट्याच्या कातडीवर पडत राहतो. सूज येते, खाज येते, पाणी सुटतं आणि एक दिवस एवढ्याशा ओरखड्याची जखम होऊन बसते.

सिस्टरांनी पाय नळाच्या स्वच्छ पाण्यानं धुतला. मी दचकून पाहिलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "पिण्याजोगं पाणी चालतं. सलाइन नाही म्हणून जखम धुवायची राहायला नको." जखमेची लांबी-रुंदी मोजपट्टीनं मोजून वहीत लिहिली. पू नाही, भोवती लाली पसरत नाही, ताप नाही, म्हणून अँटिबायोटिक नाही. वर न चिकटणारी जाळी आणि गॉज ठेवलं.

मग खरं काम सुरू झालं. पाऊल काटकोनात. सिस्टर मावशींना तळवा आपल्या पोटाला टेकवायला सांगतात, म्हणजे तो कोन सुटत नाही. पहिला थर कापसाच्या मऊ पट्टीचा. नडगीच्या हाडावर आणि घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या खळग्यांत जास्तीचा कापूस. हाडावर थेट ताण आला तर तिथंच नवी जखम होईल. दुसरा थर क्रेपचा. तिसरा लवचिक पट्टीचा: बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच पूर्ण झाकून वर, दर फेऱ्याला आधीच्या फेऱ्याचा अर्धा भाग झाकत, पट्टी तिच्या निम्म्या ताणानं ओढत, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. चौथा थर स्वतःलाच चिकटणारा, सगळं जागच्या जागी धरून ठेवणारा. गुडघ्याच्या दोन बोटं खाली येऊन थांबायचं.

पूर्ण वेळ सिस्टरांचे हात एकाच ताणानं चालत होते. वर जाताना त्या ओढ मुद्दाम कमी करत असतील असं मला वाटलं होतं. तसं करावं लागत नाही. पट्टीचा दाब तिच्या ताणावर आणि थरांवर अवलंबून असतो, आणि पायाचा घेर वाढेल तसा तो कमी होतो. घोटा बारीक, पोटरी जाड. म्हणून एकाच ताणानं बांधलं की घोट्याशी सुमारे 40 मिलिमीटर दाब मिळतो आणि वर तो आपोआप उतरत जातो. रक्ताला हवी ती दिशा यातूनच मिळते. हात सैल पडला तर पट्टी नुसती शोभेची, कुठे जास्त आवळला तर तिथे रक्त अडायचं. मी एका मित्राच्या पोटरीवर बांधून पाहायचा प्रयत्न केला तेव्हा ताण सारखा ठेवणं किती कठीण आहे ते कळलं. सिस्टर शेवटी अंगठ्याचं नख दाबतात, पांढरं झालेलं नख लगेच गुलाबी होतंय का बघतात. "बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, रात्री ठणका लागला, तर मला विचारायला थांबू नका. कात्रीनं सोडवून टाका."

पट्टीनं जखम भरते, पण गळकी शीर तशीच राहते. गेल्या वीस-बावीस वर्षांतल्या संशोधनानं इथेच बदल घडवला. 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या एशार चाचणीत 500 रुग्ण होते. नुसती पट्टी बांधलेल्यांपैकी 28 टक्क्यांची जखम वर्षभरात परत फुटली. पट्टीबरोबर शिरेची शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण 12 टक्के होतं. तरी प्रश्न उरला: शिरेचं काम जखम भरल्यावर करायचं की आधीच? 2018 च्या एव्हरा चाचणीत ब्रिटनमधल्या 20 केंद्रांतल्या 450 रुग्णांवर हे तपासलं गेलं. दोन आठवड्यांच्या आत शीर बंद केलेल्यांची जखम भरायला मध्यकानुसार 56 दिवस लागले, थांबलेल्यांना 82. जखम उघडी असताना शिरेला हात लावायचा नाही, हा जुना सल्ला त्यानंतर टिकत नाही. शीर बंद करणंही आता फार मोठं काम राहिलेलं नाही. जागा बधिर करून बारीक नळी आत सरकवतात आणि लेझरनं किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेनं शीर आतून भाजून मिटवतात. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो.

पण त्याच दुपारी त्याच पलंगावर एक आजोबा आले. जखम अंगठ्याच्या टोकावर, कोरडी, काळपट. आयुष्यभर विडी, वर मधुमेह. रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं, म्हणाले. डॉपलरचा आवाज लागायलाच वेळ लागला, आणि लागला तो दबका, एकसुरी. दंड 150, घोटा 72. भागाकार 0.48. सिस्टरांनी पट्टीचे रोल उचलून कपाटात ठेवले. या पायाला मावशींसारखी घट्ट पट्टी बांधली असती, तर उरलंसुरलं रक्तही बंद होऊन पाय गमवायची वेळ आली असती. भागाकार 0.9 च्या खाली गेला की धमनी अरुंद झाल्याचं समजतात. 0.5 च्या खाली असा दाब द्यायचाच नाही. मधुमेहात आणखी एक फसगत होते: धमनीच्या भिंतीत कॅल्शियम साठून ती इतकी टणक होते की पट्ट्यानं दबतच नाही आणि आकडा खोटाच मोठा येतो. तो 1.4 च्या वर दिसला तर आनंद मानायचा नाही, पायाच्या अंगठ्यातला दाब मोजायचा. आयसीएमआरच्या 2023 च्या पाहणीनं देशात 10 कोटींहून जास्त मधुमेही सांगितले आहेत. त्यामुळे ही बारीक गोष्ट बारीक राहत नाही.

आजोबांना त्याच आठवड्यात मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवायचं ठरलं. तिथे दोन वाटा असतात: फुग्यानं धमनी आतून रुंदावायची, किंवा बायपास करायचा. 2022 च्या बेस्ट-सीएलआय चाचणीत 1830 रुग्ण होते. ज्यांच्या पायात मांडीपर्यंत जाणारी लांब शीर चांगली होती, त्यांच्यात बायपास सरस ठरला. पुढच्याच वर्षी 345 रुग्णांच्या बेसिल-2 मध्ये, गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी, फुग्यापासून सुरुवात केलेले रुग्ण जास्त तगले. दोन चाचण्या दोन दिशा दाखवतात, त्यामुळे माणूस पाहूनच ठरवावं लागतं. मला मात्र एका गोष्टीनं खिळवून ठेवलं. मावशींच्या पायात जी शीर भाजून मिटवायची, नेमकी तीच आजोबांच्या पायात जपायची आहे, कारण बायपासची नळी तिचीच करतात. म्हणून सिस्टरांनी चिठ्ठीवर वेगळं लिहिलं: या पायाच्या शिरेत सलाइनची सुई घालू नये.

स्टेशनचा पूल चढताना पोटरीत गोळा येतो म्हणून थांबणारे लोकही इथे येतात. ते आजोबांच्या अवस्थेच्या अलीकडचे. त्यांना औषधांबरोबर चालायला सांगतात, आणि तेही दुखेपर्यंत. 2021 च्या एका अमेरिकन चाचणीत, पाय दुखेपर्यंत चालणाऱ्यांचं सहा मिनिटांत कापायचं अंतर वर्षभरात वाढलं. आरामात चालणाऱ्यांचं वाढलं नाही. 2025 मध्ये सेमाग्लुटाइडच्या आठवडी इंजेक्शनानं मधुमेहींचं चालण्याचं अंतर सुमारे 13 टक्क्यांनी वाढल्याचं दिसलं. बातमी चांगली आहे, पण पुलावरून चालत जायला पैसे लागत नाहीत. विडी सोडायलाही लागत नाहीत.

मावशींची जखम काही आठवड्यांत निम्मी झाली. कल्याणला शिरांची सोनोग्राफी झाली, लेझरसाठी तारीख मिळाली. ती नेमकी अंगारकीच्या आदल्या आठवड्यात आली.

"अंगारकी झाल्यावर येते की," मावशी म्हणाल्या. "वर्षाचा धंदा त्याच दिवशी होतो."

"आधीच करून घ्या. दुकानावर बसा, पण पट्टी बांधून. दर अर्ध्या तासानं उठून टाचा वर-खाली करायच्या. आणि जखम भरली की मोजे घालायचे, रोज, उन्हाळ्यातसुद्धा. माप मी सकाळी घेणार, सूज चढायच्या आत."

मावशींनी जरा वेळ हिशेब केला. मग पिशवीतून फोन काढला आणि भाचीला विचारलं, पुढच्या आठवड्यात दोन दिवस दुकानावर बसशील का.