वाफ्याला आच्छादन किती लागते?



बागेला खत किती घालावे, पाणी किती द्यावे, याची चौकशी सारेच करतात. वाफ्यावर पसरायचा पालापाचोळा किती लागेल, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. हाताला येईल तेवढा टाकला जातो. थर पातळ पडला, तर ऊन मातीपर्यंत पोचते, ओल उडून जाते व तण उगवते. फार जाड झाला, तर मुळांना हवा कमी पडते व हलक्या सरीचे पाणी वरच्यावर अडते. वैशाखात ज्या घरी पाणी एक वेळच येते, तेथे हा हिशेब करणे अवश्य आहे.

हिशेब सोपा आहे. वाफ्याची लांबी व रुंदी फुटांत मोजावी व त्यांचा गुणाकार करावा. थराची जाडी इंचांत धरून तिने गुणावे व १२ ने भागावे. उत्तर घनफुटांत येते. समजा, वाफा १० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. क्षेत्रफळ झाले ४० चौरस फूट. थर ३ इंचांचा हवा. ४० गुणिले ३ म्हणजे १२०. त्यास १२ ने भागले की १० घनफूट. एका घनफुटात सुमारे २८ लिटर मावतात. म्हणून २० लिटरच्या सुमारे १४ बादल्या झाल्या.

झाडाभोवतीचे आळे गोल असेल, तर व्यासाच्या निम्म्याचा वर्ग करून २२ ने गुणावे व ७ ने भागावे. ६ फूट व्यासाच्या आळ्याचे क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस फूट भरते. त्यास ३ इंचांच्या थरासाठी ७ घनफूट आच्छादन लागेल.

जाडी किती धरावी, हे जिनसेवर अवलंबून आहे. वाळली पाने, गवत किंवा उसाचे पाचट भरड असते. त्यातून हवा खेळते, म्हणून ३ ते ४ इंच चालते. लाकडाचा भुसा किंवा चाळलेले कंपोस्ट बारीक असते, दाट बसते. त्यास १ ते २ इंच पुरे.

आता एक मेख सांगतो. वाळू-खडीच्या व्यवहारात १०० घनफुटांस एक ब्रास म्हणतात. माल सैल मोजायचा की दाबून, या एका प्रश्नावरून भराई करणाऱ्या मजुरांचे व ठेकेदारांचे तंटे होताना मी पुष्कळ पाहिले आहेत. पाचोळ्याचेही तसेच आहे. सैल पाने पाणी पडताच दबतात व थर पुष्कळदा निम्म्यावर येतो. तेव्हा बसलेला थर ३ इंचांचा हवा असेल, तर वरील वाफ्यासाठी सैल पाने १० नव्हे, २० घनफूट धरावीत. विकत घेताना माप सैल की दाबलेले, हे आधी ठरवावे.

आच्छादन घालण्यापूर्वी तण काढून माती भिजवावी. खोडाभोवती दोन-तीन इंच जागा मोकळी ठेवावी, नाही तर साल कुजते. बी नुकतेच पेरले असेल तेथे जाड थर घालू नये. रोपे वर आल्यावर घालावा. पावसाळ्यात थर पातळ करावा.

गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या द्वारे साध्या शेतकऱ्यांना स्वतः मोजून पाहण्याची गोडी लावली. नगरवासीयांनाही ती लागावी. पानगळीत झाडूवाले बंधुभगिनी रस्त्यावर पानांचे ढीग लावतात. ते पेटवले, तर पहिला धूर त्यांच्याच छातीत जातो. आपल्या वाफ्याला किती घनफूट पाने हवीत हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या ढिगाला काडी लावू देणार नाही. पोती घेऊन जाईल. तेव्हा येत्या रविवारी फूटपट्टी घेऊन आपला वाफा मोजावा, एवढीच विनंती.