पापणीवरील घडी

आरशासमोर उभे राहून डोळे सावकाश मिटावे व उघडावे. पुष्कळांना आपल्या वरच्या पापणीवर एक बारीक आडवी घडी पडताना दिसेल. काहींना ती दिसणार नाही. जपानी भाषेत या दोन प्रकारच्या पापण्यांना ‘फुताए’ व ‘हितोए’, म्हणजे दुपदरी व एकपदरी, असे म्हणतात. चीन, कोरिया व जपान या देशांत दोन्ही प्रकारचे लोक मोठ्या संख्येने आढळतात. एकाच घरातील भावंडांत, क्वचित एकाच व्यक्तीच्या दोन डोळ्यांतही हा भेद असतो. तरीही एकपदरी पापणी शस्त्रक्रियेने दुपदरी करून घेणारे तेथे पुष्कळ आहेत. असे का व्हावे, हे जाणण्यासाठी प्रथम पापणीची रचना पाहू.

वरची पापणी उचलण्याचे काम मुख्यतः एक पातळ स्नायू करतो. डोळ्याच्या खोबणीत मागील बाजूस उगम पावून तो पुढे येतो व पसरट कंडरेच्या रूपाने पापणीतील ताठ पट्टीस चिकटतो. दुपदरी पापणीत या कंडरेचे काही सूक्ष्म तंतू त्वचेपर्यंत पोचलेले असतात. स्नायू आकुंचन पावला की त्या रेषेवर त्वचा आत ओढली जाते आणि घडी पडते. एकपदरी पापणीत हे तंतू त्वचेपर्यंत पोचत नाहीत. शिवाय खोबणीतील मेद अधिक खाली उतरलेला असतो. म्हणून ती भरीव व सपाट दिसते. हा केवळ रचनेतील भेद आहे, व्याधी नव्हे. एकपदरी पापणीचा डोळा तितकेच स्पष्ट पाहतो.

नाकाकडील कोपऱ्यावर येणारी त्वचेची चुणी ही याहून निराळी. ती दक्षिण आफ्रिकेतील खोइसान लोकांतही असते, आणि निरनिराळ्या मानवसमूहांच्या तान्ह्या मुलांतही दिसते. नाकाचा दांडा वाढू लागला की पुष्कळ मुलांची चुणी नाहीशी होते. अशा बाह्य लक्षणांवरून तर्क लढविताना विज्ञानाचाही पाय घसरला आहे. १८६६ मध्ये जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने एका जन्मजात मनोविकलतेला, त्या मुलांच्या चेहऱ्याच्या ठेवणीवरून, मंगोल लोकांचे नाव जोडले. तिचे कारण एका अधिक गुणसूत्रात आहे, हे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे मंगोलियाच्या विनंतीवरून १९६५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अपमानास्पद नाव सोडून दिले.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. तिचे पहिले ज्ञात वर्णन जपानी शल्यवैद्य मिकामो यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांच्या रुग्ण स्त्रीची एक पापणी दुपदरी व दुसरी एकपदरी होती; रेशमी टाके घालून त्यांनी दोन्ही सारख्या केल्या. १९२९ मध्ये मारुओ यांनी छेद घेऊन करावयाची पद्धत वर्णिली. आजही हेच दोन मार्ग आहेत. पहिल्यात त्वचेचा मोठा छेद न घेता टाक्यांनी त्वचा आतील भागाशी जखडतात. सूज लवकर उतरते, पण घडी पुढे सैल पडू शकते. दुसऱ्यात छेद घेऊन जरूर तर थोडी त्वचा व मेद काढतात. घडी टिकाऊ होते, परंतु व्रण राहण्याचा संभव असतो. दोन डोळे विषम दिसणे, जंतुसंसर्ग होणे, पापणी पुरती न मिटणे हे धोके आहेतच. पापणी लोंबून बाहुली झाकली जात असेल किंवा केस बुबुळावर घासत असतील, तर त्यासाठीची शस्त्रक्रिया औषधोपचारात मोडते. निव्वळ रूपासाठी केलेली निराळी.

मग ही इच्छा येते कोठून? कोरियातील युद्ध १९५३ मध्ये थांबल्यावर तेथे गेलेले अमेरिकन शल्यवैद्य राल्फ मिलार्ड यांनी १९५५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केले. कोरियन डोळ्याला पाश्चात्त्य वळण देणे हा हेतू त्यात उघड होता, आणि त्यावर पुढे कठोर टीका झाली. पण सगळा दोष पाश्चात्त्यांच्या अनुकरणाकडे जात नाही. मिकामो यांच्यासमोरचा नमुना त्याच स्त्रीचा दुसरा डोळा होता. आजही अनेकांना युरोपीय चेहरा नको असतो. आपल्याच समाजातील दुपदरी पापणी हवी असते. उलट, उतामारो याच्या अठराव्या शतकातील चित्रांत सुंदर म्हणून रंगविलेल्या स्त्रियांचे डोळे अरुंद व रेखीव आहेत. म्हणजे पापणी तीच राहिली. बदलली ती पाहणाऱ्यांची आवड.

आवड जेव्हा नोकरीच्या दारात उभी राहते, तेव्हा मात्र निवड खरोखर मोकळी राहत नाही. दक्षिण कोरियात अर्जासोबत छायाचित्र देण्याची प्रथा रूढ होती. तेथील शासनाने २०१७ मध्ये सार्वजनिक संस्थांच्या भरतीतून ते वगळण्याचे धोरण आखले, आणि २०१९ पासून कामाशी संबंध नसलेली उंची, वजन, रूप यांविषयीची माहिती मागण्यास कायद्याने बंदी घातली.

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. मिझोराम, नागालँड, मणिपूर, अरुणाचल येथील आपल्या अनेक बांधवांच्या पापण्या अशाच आहेत, आणि शिक्षणासाठी महानगरांत आलेल्या त्यांच्या मुलामुलींना डोळ्यांवरून टोमणे ऐकावे लागतात. अशा छळाचा विचार करण्यासाठी भारत सरकारने २०१४ मध्ये बेझबरुआ समिती नेमली होती. प्रौढ व्यक्तीने पूर्ण माहिती घेऊन स्वतःच्या इच्छेने शस्त्रक्रिया करून घेतली, तर तिला दूषण देण्याचे कारण नाही. परंतु वर्गातील चेष्टेने एखाद्या मुलास आपली निरोगी पापणी दोषास्पद वाटू लागली, तर त्यावर शल्यवैद्याकडे उपाय नाही. तो चेष्टा करणाऱ्यांनीच करावयाचा आहे.